गोदीच्या कपाळी राख

२४ मार्च, सोमवार

राख लावणार म्हणे मला! पाठांतर करायचं मी, नऊवारीत पळायचं मी, आणि शेवटी सगळ्यांना गुलाल, मला राख. वर नाटक बसवणारे रावजी आबा हसून सांगतात, "रीत हाय बाय ती."

रीत!

नीट लिहिते, नाहीतर महिन्यानं माझं मलाच कळायचं नाही कशावर चिडले होते ते. मावशीची वाडी सांगवीच्या पुढं, कालव्याच्या अंगाला. चैत्री पौर्णिमेला भैरोबाची यात्रा. यात्रेत दरवर्षी एकच नाटक — 'घाटावरचा दिवा'. साठ वर्षं तेच! वाडीतल्याच कुणा मास्तरानं लिहिलेलं. बाड आबांकडं, तेलकट झालंय, भजी गुंडाळल्यासारखं.

नीरा नदीच्या अल्याड केतकी, पल्याड जयवंत. घरांचं वैर. केतकीचा बाप सुभानराव तिला कोंडून घालतो. केतकी मोलकरणीला सांगते — गोदे, दिवेलागणीला घाटावर दिवा लाव. दिवा दिसला तर जयवंत होडी घेऊन येईल. नाही दिसला तर समजेल, माझं लग्न लावून दिलं. गोदी निघते. वाटेत डोंबाऱ्याचा खेळ लागतो. थांबते. दिवा पदरातच राहतो. केतकीचं लग्न झालं समजून जयवंत पुरात उडी घेतो आणि ते कळल्यावर केतकी त्याच्या मागं. झालं. सगळ्या बाया रडतात.

खरी मजा पुढं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं निवाडा! पाच म्हातारे बसतात आणि ठरवतात, या दोन जिवांना मारलं कुणी. जो दोषी, ते काम करणाऱ्याच्या कपाळाला प्रसादाच्या चुलवणातली राख. त्यानं जेवायचं पण सगळ्यांच्या शेवटी. साठ वर्षांत दोषी कोण? गोदी. गोदी. गोदी. बाप एकदाही नाही!

आणि यंदा गोदी कोण, तर मी. कारण मी रिकामी. नर्सिंग अर्ध्यात सोडलं, साडीच्या दुकानात चार महिने, पेट्रोल पंपावर दोन, द्राक्षाच्या पॅकहाऊसला एक हंगाम. आई लोणी भापकरहून फोन करते, "निके, कुठंतरी बूड टेकव." टेकवलं की! मावशीकडं.

२६ मार्च

तालीम. सुभानरावाचं काम नीळकंठ काकांचं. म्हणजे मावशीचे यजमान. एकोणीस वर्षं तेच करतात, त्याआधी त्यांचे वडील. बापाचं काम त्या घराबाहेर जातच नाही. मग बापाला राख लावणार कोण? पाचातले तीन म्हातारे काकांच्या भावकीतले! हे मी बोलले तर आबा म्हणाले, "तू तुझं पाठ कर."

पूर्वी दत्तोबा गोदी करायचे. तेव्हा बाया कामं करत नव्हत्या. अकरा वर्षं केली. आता सत्तरी आली तरी पारावरची पोरं त्यांना 'गोदी' म्हणतात. दुकानात उदबत्ती घ्यायला गेले तर, "गोदे, दिवा लावला का?" — आणि हसतात. मला पोरांच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दत्तोबा म्हणाले, "राख पान्यानं जाती पोरी. नाव न्हाय जात."

चौदा-पंधरा वर्षांची असेल गोदी. दोरीवर चालणारी बाई दिसली तर कोण थांबणार नाही? मी तर थांबलेच असते! कोंडलं कुणी, ते नाही विचारायचं. थांबली कोण, ते विचारायचं.

शेडनेटमधे मिरची तोडायला गेले नंतर. पिवळी ढोबळी काय दिसते! तीन खाल्ल्या. मावशी ओरडली.

३० मार्च, पाडवा

पुरणपोळी खाल्ली आणि घरातच नाटक सुरू झालं.

प्राचीचं ठरवलं. प्राची म्हणजे मावशीची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बारामतीला बी. एस्सी. करते, शहाणी. मुलगा पुण्याचा. १६ एप्रिलला साखरपुडा. प्राचीला काकांनी हे सांगितलं कसं? मावशीला हाक मारून — "मालती, पोरीला साडी घ्या एक." संपलं.

कारण इंदापूरचा विराज. दोघांचं दोन वर्षं चाललंय. विराजच्या वडिलांचा मार्केट यार्डात डाळिंबाचा गाळा, मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, आपल्यातलाच. मग अडलं कुठं?

फेट्यावर! एका फेट्यावर!

विराजच्या बहिणीचं लग्न काकांनी जुळवलेलं. मध्यस्थ हेच. लग्नात मानाचे फेटे बांधताना माईकवाला काकांचं नाव पुकारायला विसरला. यादीत होतं म्हणे. यादी त्याच्या हातातच होती. काका न जेवता परतले. दोन वर्षं झाली, अजून परवा झाल्यासारखं सांगतात — "मांडव घालनाऱ्याला फेटा! घोडेवाल्याला फेटा! अन् ज्यानं सोयरीक जमवली तो उघड्या डोक्यानं बसलाय!" विराजचे वडील दोनदा फेटा घेऊन घरी आले. काकांनी दार उघडलं नाही. "घरी येऊन बांधायला माझं काय बारसं हाय का?"

प्राचीचा फोन पण काढून घेतला आज. सिम मोडलं. मी मधे बोलले तर म्हणाले, "तू पावनी हायेस, पावन्यावानी ऱ्हा."

तालमीत सुभानराव म्हणतो, 'माझ्या मानापुढं पोरीचं मन कसलं?' तिथं आबांना बाडातून सुचवावं लागतं. घरी सगळं तोंडपाठ!

२ एप्रिल

प्राचीनं चिठ्ठी दिली. विराजला द्यायची. नंबर तिलाही पाठ नाही, मलाही नाही. हल्ली कुणाला असतो? आणि माझा फोन बटणाचा.

मला वाचून दाखवली. 'रविवारी सकाळी अकराला बारामती स्टँडवर ये. तिथून दोघं मिळून घरी जाऊ, पप्पांच्या पुढं उभं राहू. काय व्हायचं ते होईल. आला नाहीस तर समजेन, तुला नको आहे. मग मी पण हो म्हणून टाकीन.'

"पळून जा की सरळ," मी म्हटलं.

"पळायचं नाही मला. समोरून जायचंय." मग माझा हात धरला. "निके, तू नक्की देशील ना? तुझं काय खरं नसतं."

राग आला मला. म्हणजे काय! शुक्रवारी नाटकाच्या बांगड्या आणायला इंदापूरला जातेच आहे. पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली चिठ्ठी. चेन लावली.

४ एप्रिल, शुक्रवार

काय दिवस!

बारामती स्टँडवर बानूबाई भेटली. पॅकहाऊसला माझ्याबरोबर होती, आता भिगवणला मासळी विकते. म्हणाली, "अगं, धरणाच्या पान्यावर रोहित पक्षी आल्यात, आता चार दिसांत जात्याल. चल की." भिगवणवरून पण इंदापूरला जाता येतंच. मग काय, चढले.

तिच्या दिराची होडी. पाणी इतकं उथळ की वल्हं चिखलाला टेकतं. आणि समोर — आधी वाटलं पाण्यावर कुणी ओढण्या वाळत घातल्यात. गुलाबी-पांढऱ्या. शेकडो. पाय कसले लांब, चालताना आपल्याच पायांची लाज वाटल्यासारखे चालतात! मग काहीतरी झालं आणि सगळे एकदम उडाले. पंखांखाली लाल. म्हणजे आत इतका लाल रंग आणि बसल्यावर पत्ताच नाही! मी ओरडलेच. बानूबाईचा दीर म्हणाला, "वरडू नका ताई, होडी हलती."

चिलापी तळून दिली बानूबाईनं. कांदा, लिंबू. इतकी भूक लागली होती.

मग इंदापूर. बांगड्या झाल्या, बाकीचं काम पण झालं. हात दुखतोय, जास्त लिहीत नाही.

५ एप्रिल

तालीम.

७ एप्रिल

कालचं पान फाडलं. मीच.

प्राची काल स्टँडवर उभी होती. अकरा ते दोन. काकांना सांगून गेली होती, रविवारचं जादा प्रॅक्टिकल आहे. विराज आला नाही. तो येणार नाही म्हणाला होता, हे मी तिला ती परत आल्यावर सांगितलं. आधी सांगायला जीभ वळली नाही म्हटलं. रडली नाही. "बरं" म्हणाली. डबा तसाच आणला होता, तो धुवायला टाकला.

सगळं त्या काकांमुळं! फोन काढून घेतला नसता तर चिठ्ठ्या कशाला लागल्या असत्या? कुणाचं काय अडलं असतं? स्वतः मिरचीचे क्रेट भरत होते आरामात. नि मावशी? तोंडातून शब्द नाही. "पुरुषांच्यात आपन कशाला." आणि तो माईकवाला! एक नाव वाचता येत नाही? दोन ओळी वाचायचे पैसे घेतोस ना तू?

सगळ्यांवर डोकं फिरलंय माझं.

८ एप्रिल

प्राचीनं काकांना सांगितलं, "तुम्ही म्हणाल तिथं करा." मावशीनं देवापुढं साखर ठेवली. मी ती साखर खाल्ली नाही.

९ एप्रिल

प्राची जेवत नाही. भात चिवडते. दुपारी एकटीच कालव्यावर जाऊन बसते. उन्हात! मी लांबून मागं जाते. आज तिनं बघितलं. म्हणाली, "मी काही करणार नाही, जा तू." मग पाण्याकडं बघून — "केतकीचं आधी खोटं वाटायचं मला. आता नाही वाटत."

 तिचा हात धरून ओढत घरी आणलं. "मेल्यावर तुला वाटतंय कुणाला शिक्षा होईल? राख मलाच लावतील!" असं काहीतरी बोलले. ती हसली थोडी. पण ते हसणं बरं नव्हतं. मावशीला सांगितलं, हिला एकटी सोडू नका. मावशी घाबरली. तिनं काकांना सांगितलं असणार, कारण संध्याकाळी काका दोनदा प्राचीच्या खोलीच्या दारापर्यंत आले. आत आले नाहीत. दारातून विचारलं, "पंखा चालतोय का?"

१० एप्रिल

दत्तोबांकडं गेले नऊवारीचा काष्टा नीट शिकायला. बोलता बोलता म्हटलं, "यंदा मी निवाड्यात बोलणार. गोदीचा दोष नाही, हे सांगणार." दोषीनं बोलायची रीत नाही. बसायचं, कपाळ पुढं करायचं.

दत्तोबा काष्टा घालून दाखवत होते. धोतरावरच. म्हणाले, "बोल की. थांबली ह्यात काय पाप न्हाय. मी बी थांबलो असतो. पर एक इचारू? गोदी दिवा पदरात घिऊन वाड्यावर परत आली. केतकीनं इचारलंच आसंल, लावला का गं? तवा ती काय म्हनली? मास्तरानं ते लिव्हलंच न्हाय. तितंच पडदा पाडलाय. अकरा वर्सं मी त्याच इचारात व्हतो. खरं बोलली आसती तर येळ व्हता अजून."

मला इतका राग आला! लिहिलं नाही म्हणजे घडलं नाही. उगाच काहीतरी! काष्टा न शिकताच आले.

११ एप्रिल

बोलणार म्हणजे बोलणारच.

१३ एप्रिल, रविवार

नाटक काल झालं. लिहिण्यासारखं काही नाही, फक्त डोंबाऱ्याच्या प्रवेशाला ढोलकीवाला झोपला होता. केतकी झालेल्या श्रेयाबाई, सांगवीच्या शाळेतल्या, छान रडल्या.

आज सकाळचं लिहायचंय.

देवळापुढं सगळे. चुलवणावर लापशी शिजत होती. पाच म्हातारे सतरंजीवर. आम्ही नट समोर. रावजी आबांनी नेहमीसारखं विचारलं, "मंडळी, दोन जीव गेलं. दोष कुनाचा?" आणि पोरं नेहमीसारखी ओरडली, "गोदीचाऽऽ!" आबांनी राखेचं ताट उचललं पण.

मी उभी राहिले. 

"एक विचारते. केतकीच्या खोलीला कुलूप कुणी लावलं?"

"खाली बस," आबा म्हणाले. "रीत न्हाय."

"किल्ली कुणाच्या कनवटीला होती? गोदीच्या?"

कुणीतरी हसलं. मी चिडले अजून. म्हटलं, "दार उघडं असतं तर केतकीनं स्वतः जाऊन दिवा लावला असता! चौदा वर्षांच्या पोरीच्या पदरात दोन माणसांचा जीव बांधून तिला अंधारात पाठवायची वेळ कुणी आणली? बापानं! साठ वर्षं तुम्ही बापाला गुलाल लावताय आणि मोलकरणीला राख. का? बापाची मिशी मोठी म्हणून?"

 मला वाटलं, आता हाकलतात.

मग बायांच्या बाजूनं छबूबाईचा आवाज. ऐंशीच्या असतील, दात नाहीत. "खरं हाय पोरीचं! आबा, तुमी बी सोताच्या भनीला कोंडलं व्हतं, मला ठावं हाय!" काय हशा झाला! बाया टाळ्या वाजवायला लागल्या. "बापाला लावा! बापाला लावा!" पाच म्हातारे एकमेकांकडं बघतायत. भावकीतला एक म्हणाला, "आसं कुटं अस्तंय व्हय? नीळकंठराव मानकरी हायेत."

तेवढ्यात काका उठले. सुभानरावाचा फेटा अजून डोक्याला होता, कालचाच. तो काढला. आबांपुढं गुडघ्यावर बसले.

"लाव आबा."

"नीळकंठ, अरं—"

"लाव म्हनतोय न्हवं? पोरगी आठ दिस जेवली न्हाय माजी."

आबांनी ताटातली चिमूट उचलली. साठ वर्षांत पहिल्यांदा राख बापाच्या कपाळाला लागली. दत्तोबा रडत होते, लहान पोरासारखे. मला कुणीतरी गुलाल लावला. गोदीला गुलाल! मी जिंकले होते.

काका शेवटच्या पंगतीला एकटे जेवले. घरी आल्यावर राख धुतली नाही. चहाचा कप हातात घेऊन प्राचीच्या खोलीत गेले. या वेळी आत. आम्ही दारात.

"प्राचे, त्या इंदापूरवाल्याला बोलीव. पुन्याच्या लोकांना मी सांगतो काय सांगायचं ते. फेट्याचं जाऊ दे. आता डोस्क्यावर राख बसली, फेटा काय करायचाय."

मावशीच्या डोळ्यांतून धाराच. मी टाळ्या वाजवणार होते.

प्राची म्हणाली, "आता कशाला पप्पा. त्यानंच नाही म्हणून सांगितलंय."

"कवा?"

"निकी गेली होती चिठ्ठी घेऊन. तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. हो ना गं निके?"

सगळे माझ्याकडं बघत होते. काका, मावशी, प्राची. कपाळावर माझ्या गुलाल.

मी म्हटलं, "हो."

१४ एप्रिल, सोमवार. बारामती स्टँड

फाडलेल्या पानावर होतं ते पुन्हा लिहिते. मी विराजला भेटलेच नाही. इंदापूरला गेलेच नाही. पक्षी बघता बघता दिवस मावळला, बांगड्या भिगवणच्या बाजारातून घेतल्या. वहीलाही खोटं सांगितलं. शनिवारी जाईन म्हटलं, तर तालीम. रविवारी प्राची उन्हातून आली, "दिली होतीस ना?" म्हणाली, आणि माझ्या तोंडातून निघालं, "दिली. येत नाही म्हणाला."

गोदी काय म्हणाली ते मला ठाऊक आहे, दत्तोबा.

पहाटे प्राचीला उठवून सांगितलं. ती ओरडली नाही. मागच्या दारी बंबातली राख चिमटीत घेऊन आली आणि माझ्या कपाळाला लावली. दाबून. मग पर्स माझ्या खांद्याला अडकवली. "पहिली गाडी आहे. वाटेत उतरू नको."

चिठ्ठी हातात धरली आहे. इंदापूरची गाडी अजून लागायची आहे. भिगवणची शेजारीच उभी आहे. तिकडं बघत नाही.